दारावर चालतं, टेबलावर चालत नाही

"उचल ते. आधी टेबलावरून उचल."

सरांचं बोट माझ्या चार लिंबांकडे होतं. मी आठवीत होते, समुद्रपूरजवळच्या एका शाळेत. विज्ञान प्रदर्शनाला तासभर उरलेला. प्रत्येक लिंबात जस्त चढवलेला एक खिळा आणि तांब्याच्या तारेची एक गुंडाळी. याचा खिळा त्याच्या तारेला, अशी चारही लिंबं जोडलेली. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा. तो लागला होता. मिणमिणता, पण लागला होता. पहिला येणारा प्रयोग वर्ध्याला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि मला तिथे जायचंच होतं.

"काऊन वं, चौकातले उतारे उचलून आणले का?"

वर्ग खदखदून हसला.

माझी आई दर शनिवारी दुकानोदुकानी लिंबू-मिरची बांधायची. जुनी सोडायची, नवी लावायची. सुकलेली लिंबं पिशवीत भरून मी गावाबाहेर टाकून यायची. शाळेच्या ऑफिसच्या दारावरही आमच्याच हातची लिंबू-मिरची होती. ती सगळ्यांना चालायची.

ही चार लिंबं मात्र ताजी होती. विकायच्या ढिगातून आईने दाबून दाबून निवडलेली, पातळ सालीची.

"सर, नवे हायत," मी म्हटलं.

"तुह्या घरचं लिंबू पाहुण्याईसमोर नाई चालत."

मग त्यांनी माझ्याकडून टेबल धुऊन घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा साबण लावून. माझ्या वर्गातल्या, कृषी केंद्रवाल्यांच्या मुलीच्या मळ्यातून लिंबं आली. प्रयोगावर तिच्या नावाची चिठ्ठी लागली. खिळे माझे, तार माझी, दिवा माझा. मी भिंतीला टेकून बघत राहिले. लाजेने कान तापले होते. खरं सांगते, तेव्हा मला सरांची नाही, आईचीच लाज वाटली. ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तार मी जळालेल्या पंपाच्या मोटारीतून काढली होती. त्या तारेवर लाखेसारखा लेप असतो. तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही. एकेक टोक मी ब्लेडने खरवडलं होतं, बोट कापेपर्यंत. सरांना लोंबणारी टोकं बरी दिसेनात. त्यांनी ती कात्रीने छाटली आणि तार पुन्हा गुंडाळून दिली. छान दिसत होतं सगळं. दिवा लागेना.

सरांनी लिंबं दाबली. खिळे हलवले. दिवा बदलला. पाहुण्यांची गाडी फाटकात आली.

"ये वं इकडं. जोडून दे अन् मांगं जाऊन उभी राह्य."

ब्लेड माझ्या कंपासपेटीत होतं. दोन मिनिटांचं काम.

"नाई जोडत."

"काय म्हणलं?"

"माहं लिंबू चालत नाई, मंग हात कसा चालते?"

कानाखाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, पण पाय हलले नाहीत. पाहुणे आले, विझल्या दिव्याकडे पाहून "वा वा" म्हणाले आणि पुढे गेले.

वर्ध्याला कुणीतरी तिसरंच गेलं. सोमवारी आईला शाळेत बोलावलं. ज्या दारावर तिने बांधलेली लिंबं लटकत होती, त्याच दारात तिने हात जोडले. घरी येऊन म्हणाली, "पोरी, जोडून देल्लं असतं त काय झिजलं असतं?"

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली. मी पिशवीला हात लावला नाही, त्यानंतर कधीच नाही.

आयटीआय करून आता मी वायरिंग करते. परवा एका नव्या बंगल्याचं काम संपत आलं होतं. मुख्य बोर्डाची शेवटची जोडणी राहिली होती. मालक, त्यांची माणसं, पेढे, सगळं तयार. ठेकेदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, जोडून द्या अन् जराशा मांगं व्हा. लाइट लागताना फोटो काढाचा हाय."

मी पक्कड खाली ठेवली.

"फोटोत मी असन, तरच जोडीन."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मी हाताची घडी घातली आणि बोर्डासमोरच उभी राहिले.