वहिनींच्या हातचं दही

आमच्या वहिनींना क्षय नव्हता. थुंकी दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला तोंडी सांगितलं होतं, "काही निघालं नाही." ते मी घरी सांगितलं नाही. ज्या सकाळी मी इंदूर सोडलं, त्या सकाळी हे घरात माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

टांगा दाराशी उभा होता. खंडव्याला गाडी बदलून मुंबई, तिथून बोटीनं विलायत. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर घरची सून दही ठेवते. ते खायचं, "येतो" म्हणायचं आणि मागं न बघता उंबरा ओलांडायचा. त्या दिवशी दही आईनं ठेवलं. वहिनी गच्चीवरच्या खोलीच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. वरूनच म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे ठंड फार असते म्हणतात. कान झाकत जा हं." मी वर पाहिलं नाही. मागं बघायचं नसतं, ही चांगली सबब होती.

इंदूरला राहिलेल्या माझ्या गाववाल्यांनो, आणि माझ्यासारखेच खंडव्याला गाडी बदलून गेलेल्यांनो, हे तुम्हांला सांगायचं कधीचं राहून गेलं आहे.

मध्यभारताची ती वर्षं. उन्हाळ्यात राजधानी इंदूरला, थंडीत ग्वाल्हेरला. माझे थोरले भाऊ, दादा, सचिवालयात होते. सरकारी दप्तर हललं की तेही हलत. वडील आधीच गेलेले. म्हणजे अर्धं वर्ष घरातला शिकलेला पुरुष मीच, मेडिकलचा विद्यार्थी. अशाच एका थंडीत वहिनींचा खोकला वाढला. जिना चढल्या की धाप लागे. शेजारचे काका ओट्यावरून म्हणायचे, "अरे भिया, घर में ही डॉक्टर है, मग फिकर कशाची?" आई म्हणाली, "तूच सांग रे काय ते." इतक्या विश्वासानं विचारल्यावर 'मला कळत नाही' असं म्हणणं मला जमलं नाही. छाती तपासली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "क्षय दिसतोय." थुंकीचा निकाल त्यानंतर आला. पण तोवर दादांना ग्वाल्हेरहून बोलावून घेतलं होतं, गल्लीत माझ्या हुशारीची चर्चा झाली होती. तपासणी कधीकधी चुकते, असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प बसलो.

वहिनींचं ताट-वाटी वेगळं झालं. चूल सुटली, मुक्काम गच्चीवर गेला. आणि दोन वर्षांच्या शकूला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, धारला आजोळी पाठवलं. "तिला जवळ घेऊ नका," हे वाक्य माझं होतं. शकू निघाली तेव्हा वहिनींनी गच्चीच्या कठड्यावरून तिला टाटा केला. ती हसत गेली, तिला वाटलं फिरायला चाललोय.

पुढं झालं ते असं, की वहिनींना उतार पडला. क्षयाच्या सुया चालू होत्याच. खोकला कमी झाला, चेहऱ्यावर रंग आला. आई कौतुकानं सांगत सुटली, "मुलानं वेळेवर ओळखलं हो!" वहिनी स्वतः म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यामुळं जगले." एवढं ऐकल्यावर माझाही माझ्या निदानावर विश्वास बसला.

विलायतेत नशिबानं फुप्फुसांच्याच विभागात काम मिळालं. जुनाट दम्या-खोकल्याची मुळं शोधायची, तीही अगदी जन्मापासून. अंगात ओव्हरकोट, कानांवर वहिनींनी सांगितलेला मफलर. दिवसभर मायक्रोस्कोप, रात्री लँडलेडीकडचा बेचव बटाटा. तिथं एक बाई येत असत. सिगारेट कधी ओढली नव्हती, क्षयाचा मागमूस नव्हता. आयुष्य कोळशाच्या चुलीपुढं गेलेलं. आमच्या वरिष्ठांनी त्यांना विचारलं, "तुमचा जन्म वेळेवर झाला होता का?" बाई हसून म्हणाल्या, "छे, मी फार घाई केली!" वरिष्ठ मग मला समजावून सांगू लागले, की फुप्फुसं पुरती घडण्याआधीच जन्म झाला, तर ती पुढंही अपुरी राहू शकतात, मग वर्षानुवर्षांचा धूर त्यांना सोसत नाही.

त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मला दादांचं लग्न दिसत होतं. वहिनींना उखाणा एका दमात घेता येईना, मधेच थांबून श्वास घ्यायच्या. त्यांची आई घाईनं म्हणाली होती, "सातमाशी आहे हो, दम पुरत नाही तिला." त्यावर आमच्या आत्यांनी टोमणा मारला, "मग नाव लहान असलेला नवरा बघायचा होता!" मांडवभर हशा पिकला होता. मीही हसलो होतो.

मग आमचं स्वयंपाकघर दिसलं. एकच झरोका. गोवऱ्या आणि कपाशीच्या काड्या. वहिनींना बरं केलं होतं ते चूल सुटल्यानं, गच्चीवरच्या हवेनं. आणि आईच्या पत्रांत अलीकडे असायचं, की चुलीपाशी तिलाच खोकल्याची उबळ येते.

पहिल्या रजेत घरी आलो तेव्हा मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला होता. सगळ्यांना बसवून मी सांगितलं: हा क्षय नाही, धूर आहे, शकूला आणा, धुराडं बसवा. पण सांगताना म्हणालो, "आता नवीन संशोधनात असं दिसतंय." पुन्हा माझंच कौतुक झालं. दादांनी राजवाड्याजवळून जिलबी आणली. दुसऱ्या दिवशी धारहून शकू आली. सहा वर्षांची झाली होती. वहिनींना पाहून तिनं सोबत आलेल्या धारच्या आजीचा पदर धरला आणि विचारलं, "ह्या कोण?"

वहिनी म्हणाल्या, "मी होय? मी इथं पोहे करते. खाणार का?"

आज मी त्या थंड गावातच स्थिरावलो आहे. हीटरची खोली आहे, हाताखाली शिकणारी मुलं आहेत. प्रत्येक रोग्याला जन्माची वेळ विचारायची सवय मी त्यांना लावली आहे. शकू आता स्वतः आई झाली आहे, वहिनी धाप लागत-लागत का होईना, नातवंडांमागे फिरतात. ज्यांच्या छातीवर मी शिकलो त्यांनी मला कधी परकं केलं नाही, हे उपकार कुठं ठेवू? घर म्हटलं की मला वास्तू आठवत नाही. एक तळहात आठवतो.

तो त्या पहिल्या रजेच्या शेवटच्या सकाळचा. टांगा दाराशी होता. या खेपेला दह्याची वाटी वहिनींच्या हातात होती आणि शकू त्यांच्या निऱ्यांना धरून उभी होती. एव्हाना तिची आई तिला सापडली होती. वहिनींनी माझ्या तळहातावर दही ठेवलं. ते माझ्याच्यानं खाववेना.

"खा ना भाऊजी. आंबट आहे का?"

आई होती, दादा होते, ओट्यावर शेजारचे काका होते. निदान सगळ्यांदेखत केलं होतं, म्हणून तिथंच बोललो.

"वहिनी, ते नवीन संशोधन वगैरे काही नाही. तेव्हाच थुंकी दोनदा साफ आली होती. मला माहीत होतं. माझी हुशारी उघडी पडेल म्हणून मी बोललो नाही आणि तुमची मुलगी चार वर्षं तुमच्यापासून दूर राहिली. माझं चुकलं. मला क्षमा करा."

वहिनींनी एका हातानं शकूला जवळ ओढलं. त्यांचा श्वास चढलेला मला ऐकू येत होता. दोनदा थांबून त्या म्हणाल्या, "माफ करायला... वेळ लागेल मला. तोवर... येत जा."

मी दही खाल्लं, "येतो" म्हणालो आणि उंबरा ओलांडून, रीत मोडून, मागं वळून पाहिलं.