शेरडं वळवणारी कवळी

माझ्या थोरल्या मामांनी आपल्या कवळीची जेवढी सरबराई केली, तेवढी उभ्या लोहारा तालुक्यात कुणी जावयाची केली नसेल. मामा माकणीचे, शेरडं राखणारे. वरचे दात गेले तेव्हा त्यांना भाकरीचं दुःख नव्हतं, ती ते कालवणात कुस्करून खायचे. पण शिट्टीतनं नुसती हवा यायला लागली आणि शेरडं खुशाल लोकांच्या हरभऱ्यात शिरायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, शिट्टी परतली, आणि तेव्हापासून बाईंचा शब्द म्हणजे मामांना देवाचा कौल.

निसटली तर फुटू नये म्हणून कवळी पाण्यावर धरून धुवा, असं बाई म्हणाल्या. मामा घमेलंभर पाणी घेऊन, तळाला टॉवेल अंथरून बसतात, आणि तेवढ्या वेळात घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. राखुंडीनं चरे पडतात म्हटल्यावर त्यांनी साऱ्या घराची राखुंडी उकिरड्यावर टाकली. मामीचे दात स्वतःचे होते, तरी. लग्नाच्या पंगतीतनं मधेच उठून ते पाण्याच्या टँकरकडं चालू लागतात. "मामा, जिलेबी येतीय!" मी ओरडायचो. "येऊ दे. शेंगाची चटणी अडकलीय, आधी हिला आंघोळ."

अशा माणसाच्या घरात एका सकाळी मामीनं, अगदी मायेनं, कवळीवर उकळतं पाणी ओतलं. "अवं, लेकराची बाटली न्हाय का उकळत? म्हनलं, निर्मळ व्हईल." कवळी वाकडी झाली. शेजारी कानस घेऊन आला, "द्या, घासून बसवतो." मामांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "हात लावशील तर बघ! बाईच बघतील." मामीला मात्र ते वाईट बोलले नाहीत. "तिचा जीव चांगला, पाणी वंगाळ," एवढंच. बाईंनी नवी कवळी देईपर्यंत मामीच पदर खोचून, हाका मारत शेरडांमागं धावली.

मी तेव्हा सुरतेला होतो, अजून आहे. शाळा अर्ध्यात सुटल्यावर मामांनीच मला पोसलं, म्हणून तिकडं जरा काही झालं की इथं मी कारखाना सुटताच पायरीवर येऊन बसतो. संध्याकाळी फोन करतो. "मामा, बरंय ना सगळं?" ते फोन तोंडाशी धरून एक लांबलचक शिट्टी मारतात, आणि मागनं शेरडांची घुंगरं जवळ जवळ येत जातात. मग मीही कारखान्याच्या पायरीवरनं उगीच उठून उभा राहतो, आणि कुठल्या बाजूला चालायचं ते कळत नाही.