शाडूचा गाल

दादाचा फोन आला तेव्हा मी रोह्याला अंगणात वाल वाळत घालत होते. "ताये, तुझी वहिनी गेली गो," एवढंच तो बोलला. मागं कारखान्यातला रेडिओ चालू होता. तो कुणीतरी बंद केला, तेवढं ऐकू आलं… आदल्या रविवारीच तर ती माझ्याकडे येऊन मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी खाऊन गेली होती. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "वन्सं, पुढच्या खेपेला ओवा जरा बेतानं घाला." पोटभर खायचं आणि वर खोडी काढायची, ही तिची जुनी रीत. झोपेतच गेली म्हणे. मला रडूही आलं आणि तिचा रागही आला. न सांगता कुठं जाणारी ती बाई नव्हती.

वहिनी खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. कॉलेजात एनसीसीला होती, तिथंच तिच्या हाती पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल आली. लग्न होऊन पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आली, रायफल सुटली आणि हातात कुंचला आला. मूर्तीचं बाकीचं रंगकाम शिकवलं तर कुणालाही जमतं, पण डोळे आखणारा हात घरात एखादाच निघतो. आमच्या बाबांनी तिला सहज एकदा कुंचला देऊन पाहिलं. तिनं श्वास अर्धा सोडला, थांबली आणि एका दमात रेघ ओढली. बाबा चकित. "ही पोर कुठं शिकली गो?" म्हणून आईला विचारायला लागले. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "परेडच्या मैदानावर."

पोरं मोठी झाली आणि तिनं पुन्हा रायफल क्लबात जायला सुरुवात केली. क्लबातली रायफल बाप्या माणसांच्या मापाची, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब. ही चणीनं माझ्याहून लहान. मान ताणून नेम धरायची आणि दरवर्षी राज्य स्पर्धेची निवड थोडक्यात हुकायची. शेवटी म्हणाली, मला माझी हवी. दादा चिडवायचा, "आपल्या घरात हाय काय चोरण्यासारखं? गणपती?" ती म्हणायची, "चोरासाठी नाय हो, कागदावरच्या काळ्या ठिपक्यासाठी." चपला झिजवून एकदाचा परवाना मिळाला. पण त्याला मुदत होती. तेवढ्यात रायफल घेतली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून हेलपाटे. आणि ती चाळिशी ओलांडलेली. "आता नाय जमलं तर कधीच नाय, वन्सं," असं ती एकदाच म्हणाली, तेही भांडी घासताना.

मग आमचा शोध सुरू झाला. मुंबईच्या दुकानात एक परदेशी रायफल तिनं हातात घेतली, खांद्याला लावली आणि न परवडणारी पैठणी ठेवावी तशी अलगद परत ठेवली. दुसरी आपल्याकडचीच, कोरी करकरीत. दादा तिच्या पॉलिशवर भाळला. वहिनीनं दुकानदाराला विचारून रिकामा चाप ओढून पाहिला आणि नाक मुरडलं. "हिचा चाप ओढायला बैलजोडी लागेल. तोवर नेम पार डोलवी गावाला पोचेल." तिसरी निघाली माझ्या शेजारी. अप्पा म्हणून एक निवृत्त मास्तर, तरुणपणी नेमबाजी करायचे, आता मोतीबिंदूनं बेजार. त्यांची जुनी बोल्टवाली रायफल विकायची होती. दस्त्यावर उंदरांनी कुरतडल्यासारखे ओरखडे. दादा म्हणाला, "ही? ही चुलीत घालायच्या लायकीची हाय." वहिनीनं कान जवळ नेऊन गोळी सरकवायचा बोल्ट मागंपुढं केला, मग तो काढून ठेवला आणि नळीतून आभाळाकडे बघत राहिली. किती वेळ! अप्पांचा चहा निवला.

रीतसर विचारून अप्पांनी ती क्लबाच्या मैदानावर आणली. वहिनीनं पालथं पडून पाच गोळ्या मारल्या, लवंगी फटाक्याएवढा आवाज. कागद बघून माझा चेहराच पडला. मधल्या ठिपक्यात एकही नाही, पाचही डावीकडे वर, एकमेकींना चिकटून. "सगळ्या चुकल्या की गं," मी म्हटलं. ती हसत सुटली. "मधोमध काय बघता, वन्सं? एका जागी पडल्या ना? जागा चुकली तर नेमाचा स्क्रू फिरवून सरकवता येते. विखुरली तर कोण गोळा करणार?" आणि दादाकडे वळून म्हणाली, "रायफल स्वस्त घ्यावी, काडतुसं भरपूर घ्यावीत. उलटं करणारे नुसते फोटो काढतात." मुदत संपायच्या आत ती रायफल पेणला आली. एसटीत सगळ्या वाटेनं वहिनी तिचं खोकं मांडीवर धरून बसली होती, माहेरी निघालेल्या लेकुरवाळीसारखी.

अप्पा ताडमाड उंच, त्यामुळे दस्ता कापून घ्यावा लागला. तरीही गाल नीट टेकेना. आमच्याकडे कुठल्याही अडचणीवर एकच औषध. वहिनीनं दस्त्यावर शाडूचा गोळा थापला, त्यावर गाल दाबला, उन्हात वाळवला. कारखान्यात वाळलं की पक्कं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास! निवडीच्या दिवशी दमट हवा, घामाच्या धारा. शाडू भिजला, गाल घसरू लागला, शेवटच्या गोळ्या भलतीकडे गेल्या. उठली तेव्हा अर्धा चेहरा राखाडी. पंच म्हणाले, "बाई, तुमचं विसर्जन झालं." सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. पण घरी येताना गाडीत मी तिचा हात धरून बसले होते.

पुन्हा नवा गाल घडवला, या वेळी सुताराला नमुना म्हणून. त्यानं तसाच सागवानी गाल बसवून दिला आणि पुढच्या वर्षी वहिनी राज्य स्पर्धेला गेली. पदक नाही मिळालं. तिला त्याचं काही नव्हतं. "माझी पाची एका जागी पडली," हे मात्र तिनं पेणच्या भाजीवालीलाही सांगितलं.

शाडूचा नमुना फळीवर कुंचल्यांशेजारी राहिला. आमच्या कारखान्याचा नियम असा, की काम सुरू होताना वाळलेली सगळी माती पिंपात भिजत घालायची, ढेकूळ म्हणून शिल्लक ठेवायचं नाही. दरवर्षी दादा ओरडायचा, "तुझा गाल घालतो गो भिजत!" आणि वहिनी हातातलं टाकून धावत यायची.

दिवसकार्य उरकल्यावर परवा पुन्हा पेणला गेले. रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली आहे, कायदाच तसा. कारखान्यात पिंप भरलेलं होतं, आणि फळीवर तो गाल नव्हता. बाह्या सारून पिंपात हात घातला. नुसता मऊ गाळ. "दादा, तू…"

दादा मूर्तींच्या मागं पाटावर बसला होता. मांडीवर फडकं, फडक्यावर तो गाल, आणि वहिनीच्या डोळे आखायच्या कुंचल्यानं तो त्यावरची धूळ झटकत होता. "ह्यो नाय भिजवायचा गो," तो मान वर न करता म्हणाला. "बाकी सगली माती घातली. ह्यो येक राहूंदे."

मी जवळ बसले. त्या खोलगट जागेला माझा गाल लावून पाहिला. बसला नाही.