शेरीफकाकांचा अर्धवट सिनेमा

मिरजेत आमच्या खोलीत टीव्ही नव्हता. समोरच्या घराच्या खिडकीला लटकून आम्ही भावंडं जुने काळेपांढरे काउबॉय सिनेमे बघायचो. घोडे ऐन रंगात आले की त्या घरची जेवणं सुरू व्हायची आणि खिडकी धाडकन लागायची. वडील हमाल, त्यांची शाळा सातवीत सुटली; दादाची नववीत. थोडक्यात, आमच्याकडे शेवटपर्यंत काही जात नसे. मी मात्र इंजिनियर झालो. घराण्यातला पहिला पदवीधर; हे मी कुणी न विचारताही सांगतो. सिनेमाचा शेवट तेवढा राहून गेला.

आणि रियाधला येऊन गाठ कुणाशी पडावी? तर शेरीफकाकांशी, जे शेवट बघूच देत नसत!

काका नाशिकचे. रियाधच्या ओलाया भागातल्या ऑफिसात माझे सीनियर आणि बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. आठवडाभर ‘येस सर’ म्हणणारा हा माणूस शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मला बोलावून पोहे झाले की काउबॉय सिनेमा लावायचा आणि सोफ्यावर तंगड्या पसरून शेरीफ, म्हणजे त्यातला फौजदार, व्हायचा. पडद्यावरच्या हिरोने दारूचा ग्लास घशात ओतला की काका बिनदुधाचा सुलेमानी चहा तसाच एका घोटात ओतायचे आणि दर शुक्रवारी जीभ भाजून घ्यायचे. काकू म्हणायच्या, “तो प्यायला थांबत नाही, हे भाजायला थांबत नाहीत.”

खलनायकावर काकांचा जीव होता. “बघ, काळी टोपी. ओळखायला कष्ट नाहीत. आपल्या मॅनेजरांना अशी टोपी सक्तीची केली पाहिजे.”

पण शेवटचा गोळीबार संपून हिरो घोड्याकडे वळला, की काका टीव्ही बंद करत. “खलास! चला, यल्ला, जेवायला.”

“अहो काका, पुढे काय होतं?”

“काय व्हायचंय? परगावी आला, काम केलं, काम संपलं, निघाला. त्याला परत कोण बोलावतंय? हे बघायला सिनेमा कशाला, ऑफिसात बघतोच की.”

मोबाइलवर शोधून शेवट बघता आला असता. एकदा लावलाही. पण काकांशिवाय ते नुसतेच धूळ उडवणारे घोडे होते; अर्ध्यावरच बंद केला.

मग काकांचीच जागा कंपनीने बंद केली. पासपोर्टवर फायनल एक्झिट लागला, म्हणजे देश कायमचा सोडायचा. निघायच्या आधीच्या शुक्रवारी घरात खोकी रचलेली, पोहे कागदी बशांत. सिनेमा लागला. गोळीबार झाला. हिरो घोड्याकडे वळला आणि काकांचा हात रिमोटकडे गेला.

“अहो, त्या माणसाला एकदाचं जाऊ द्या,” काकू म्हणाल्या.

काकांनी चिकटपट्टी लावलेला तो रिमोट माझ्या मांडीवर टाकला. “घे शेरीफ. आता तू ठरव.”

मी हात लावला नाही.

हिरोने खोगीर आवळलं, टोपीला बोट लावलं आणि निघाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. काका चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “याचं बरं आहे रे. सामान नाही. आमचं वजन आत्ताच जास्त भरतंय.”

काका आता नाशकात आहेत. त्यांचा टीव्ही माझ्याकडे आहे. आमच्या घरात शेवटपर्यंत गेलेल्या गोष्टी आता दोन आहेत: माझं कॉलेज आणि तो सिनेमा. दोन्ही मीच पूर्ण केल्या.