मनगटावरचा पापुद्रा

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा. तिचं काम पापुद्रे करण्याचं. पातळ रबरात एक पांढरी भुकटी कालवायची. कण इतके सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत. गुठळी होऊ द्यायची नाही, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग ते काचेवर ओतून पात्याने एकसारखं पसरायचं आणि भट्टीत ठेवायचं. तयार झालेला पापुद्रा वाकवला, दाबला की किंचित वीज द्यायचा. चालताना, हात हलवताना माणूस जी हालचाल फुकट घालवतो, तिच्यातून वीज काढायचा तो उद्योग. कागदोपत्री त्याला नॅनोकंपोझिट असं भारदस्त नाव होतं. मावशी पापुद्राच म्हणे.

एकदा मनगटावर बांधायच्या पट्टीचं काम निघालं. पट्टी बांधून हात टेबलावर निवांत ठेवायचा आणि पडद्यावरची विजेची रेघ सपाट झाली की मग हलवायला लागायचं. पहिली चाचणी मावशीने स्वतःवरच घेतली. पण रेघ काही सपाट होईना. बारीक बारीक लाटा येतच राहिल्या.

"बिघडलाय मेला," म्हणत तिने नवा पापुद्रा केला. त्याचीही तीच रड. तारा बदलून झाल्या, पंखा बंद करून झाला. शेवटी शेजारच्या टेबलावरची संशोधक म्हणाली, "द्या, मी बांधून बघते."

रेघ गुमान आडवी झाली.

"चांगला तर आहे की मावशी! उगाच..." आणि ती मधेच थांबली. मावशी आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. अंगठा बोटावर हलकेच घासत होता, आपला आपणच.

सुटल्यावर ती घरी न जाता नवऱ्याच्या दुकानात गेली. नवरा न्हावी. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग हात पुढे केला. "अहो, हा बघा."

त्याने वस्तरा पुसून ठेवला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. कप अर्धाच भरून देतो तुला, तो काय चहा महागला म्हणून?"

"आणि बोलला नाहीत?"

"भ्यालो. खोटं कशाला सांगू?"

मावशीला हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. दारात एक गिऱ्हाईक डोकावलं, तसा तो तिच्या पाठीवरचा हात न काढताच म्हणाला, "आज बंद."

डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं. पुरता जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो.

तिने विभागप्रमुखांना सांगून टाकलं, "आता पातं माझ्या हाती देऊ नका." त्यांना सुचलं ते भलतंच. "तुमच्या थरथरीतून पट्टीला वीज मिळाली, तर ती दिवसभर थरथरच मोजत राहील. सेल बदलायची कटकट नाही. बघूया का?"

"म्हणजे आजवर पापुद्रे केले, आता मीच पापुद्रा?" मावशी तडक बाहेर पडली. पुढे बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "दिवसात थरथर कधी वाढते? गोळीचा असर कधी उतरतो?" मावशीने खूप आठवून पाहिलं, पण धड सांगता येईना. नवऱ्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांसमोर उभी राहिली. "पट्टी बांधते. पण भुकटी कालवणं माझ्याकडेच राहील. आणि पातं कुणी धरायचं, ते मी शिकवीन."

"शिकवा," ते म्हणाले. "आणि त्या दिवशी मी चुकलो, मावशी."

नुसत्या थरथरीची वीज पुरली नाही. ती फारच थोडी निघाली. मावशी चालली, हात झुलले, म्हणजे मात्र पट्टीचं भागायचं. पण तेवढ्यातूनही डॉक्टरांना थरथरीचा दिवसभराचा चढउतार दिसला. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. आजार गेला नाही, पण सकाळी तिला स्वतःची वेणी घालता येऊ लागली.

पट्टी चालू राहावी म्हणून ती रोज संध्याकाळी फिरायला निघू लागली, नवऱ्याला ओढून नेऊ लागली. दिवसभर दुकानात उभं राहून त्याचे पाय दुखत असत.

"पट्टी तुझी, पाय माझे," तो कुरकुरायचा.

"चला हो, हात झुलवत चला," मावशी म्हणायची आणि पुढे निघायची.