आतून बंद होणारं दुकान

रोझालिना फर्नांडिसचं किराणा दुकान बघायला आमच्या बाजारात पर्यटक येतात, फोटो काढतात आणि जातात. रोझालिनाही त्या फोटोंत असते, काउंटरमागे, पण तिलाही ते दुकानातलंच सामान समजत असावेत. माझं बांगड्यांचं दुकान बरोब्बर समोर आहे. त्यामुळे हे सगळं मी वर्षानुवर्षं बघते आणि वर्षानुवर्षं माझं डोकं तापतं.

दुकान देखणं आहे, हे मी नाकारत नाही. तिच्या आजोबांनी, लुईसबाबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात बरण्यांची अख्खी रांग मावते. कौलं मंगळुरी, त्या काळी गलबतातून आलेली. राहायच्या खोल्या माळ्यावर. तिथल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं, आणि एक झडप रस्त्याकडे उघडणारी, तांदळाची पोती दोराने वर ओढून घ्यायला. पुढे दार नाहीच. फणसाच्या उभ्या फळ्या आहेत, त्या एकेक करून खाचेत सरकवायच्या आणि शेवटची बसली की मागून आडवा अडसर घालायचा. मागून म्हणजे आतून. बाहेरून कुलूप घालायला साधी कडीसुद्धा नाही.

लुईसबाबांचं पहिलं दुकान चोरांनी कुलूप तोडून धुऊन नेलं होतं. म्हातारा भडकला आणि सुताराला म्हणाला, आता कुलूपच नको, माझं माणूस आत झोपेल. त्याला पोरं नऊ. आत झोपायला कधी माणूस कमी पडेल, हे त्याच्या डोक्यात यावं तरी कसं? शिवाय तेव्हा मागच्या परसातून जायला-यायला वाट होती. रोझालिनाच्या वडिलांनी परस विकलं, त्यात ती वाटही गेली. आता मागे विहीर आणि माणसापेक्षा उंच दगडी गडगा. नऊ पोरांची पांगापांग झाली, कोणी मुंबईला, कोणी आफ्रिकेला. रोझालिनाचा भाऊ क्रिस्टोफर म्हापशाला गेला. वडील वारले आणि आत झोपायला उरली एकटी रोझालिना. देवगडचं एक स्थळ आलं होतं तिला, पण नवरा मुलगा दुकानात येऊन राहायला तयार नव्हता.

दिवसा ती सुटते, एवढं सांगायला हवं. मी तिच्या काउंटरवर बसते आणि ती चर्चला, मासळीबाजारात जाऊन येते. पण रात्र मात्र आतच. मी म्हटलं, शटर बसव. तर शटरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि निम्मे वारस कुठे आहेत तेच ठाऊक नाही. बरं, एखादी रात्र मी झोपते म्हटलं, तर क्रिस्टोफरला कुळाची भीती. परकं माणूस रात्री राहिलं की कूळ लागतं, जागेवर हक्क सांगतं, ही भीती आमच्याकडे भुताखेतांपेक्षा पक्की आहे. मध्ये पुण्याची नम्रता नावाची आर्किटेक्ट मुलगी आली होती. फळ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "आजी, हे कधीच बदलू नका हं." माझ्या जिभेवर आलं होतं, बाई गं, तूच राहा महिनाभर आत.

या जानेवारीत क्रिस्टोफरच्या मुलीचं, जेनिसचं लग्न ठरलं. रोझालिना तिची मादीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीला नारळाचा रस लावतात, त्याला रोस म्हणतात. आईवडिलांमागोमाग हात लागतो तो मादीनचा. म्हणजे एक रात्र म्हापशाला काढणं आलं. जेनिसने रडून सांगितलं, मादीन नसेल तर मला रोसच नको. रोझालिनाने साडी इस्त्री करून आणली आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवली.

शेवटी क्रिस्टोफरचा फोन आला. फोन स्पीकर लावून काउंटरवर ठेवलेला होता, मी शेजारी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"किशोरी झोपांदे दुकानात. पण तिच्याकडसून लिवन घे. हक्क सांगूचंय नाय म्हणान, स्टॅम्प पेपरार."

किशोरी म्हणजे मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रोझालिनाच बोलली.

"तापान पडलेलंय तेव्हा माका पेज कोणी हाडली रे? तू इल्लंस? तिच्याकडे कागद मागूचो नाय. मी येतलंय. दुकान ऱ्हवांदे, नायतर जावंदे."

तिने फोन बंद केला. भावापुढे ब्र न काढणारी ही बाई, मी तिच्याकडे बघतच राहिले.

निघायच्या दिवशी, दुपारी बाजार जेवायला बंद होतो तेव्हा रिक्षा आली. रोझालिना निळी साडी नेसून बॅग घेऊन रस्त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यादेखत फळये लाव. मगे जातंय."

मी आतून लावायला लागले. एकेक फळीबरोबर रस्ता आखडत गेला. आधी माझं दुकान दिसेनासं झालं, मग रिक्षा, मग रोझालिना. शेवटची फळी बसवून मी अडसर घातला. गूळ, सुंभ आणि रॉकेलच्या वासाचा अंधार एकदम अंगावर आला आणि माझा जीव घुसमटला. ही बाई हे रोज करते, या विचाराने मला रडूच कोसळलं.

बाहेर रिक्षा निघाल्याचा आवाज येईना.

"गेलंस काय गो?" मी विचारलं.

आवाज अगदी फळीला लागून आला. "किशोरी, बंद झाल्यार असा दिसता होय?"

मी समोरून रोज बघते ते. वडील गेल्यापासून रोज ते बंद करणारीने मात्र बाहेरून एकदाही बघितलं नव्हतं.

"बरा दिसता," ती म्हणाली. मग फळीवर टकटक करत, "किशोरी, आत तूच मा? बोल बघूया कायतरी."

"मीच आसंय गो. जा तू."

"नाय, माका वाटला, मी आतच ऱ्हवलंय."

मग मी फळीवर हात ठेवून मोठमोठ्याने बोलत सुटले, तोंडाला येईल ते, रिक्षा निघून जाईपर्यंत.