दादाच्या चाकूची पाती

दादा लष्करातून निवृत्त होऊन घरी आला आणि वर्षभरात द्राक्षाची कलमं करायला शिकला. कडेगावाजवळच्या आमच्या शिवारात सगळा ऊसच. बागा होत्या पलूस-तासगावकडं. भाद्रपद लागला की दादा मोटरसायकल काढायचा आणि खिशात घडीचा चाकू टाकून तिकडं जायचा. जंगली खुंटावर चांगल्या जातीची काडी बसवायची तर तिचं टोक दोन्ही अंगांनी पाचरीसारखं तासावं लागतं. काप एका ओढीत व्हावा लागतो, काचेसारखा सपाट. त्याला पायरी पडली की काडी आणि खुंट नीट चिकटत नाहीत, आणि दोन आठवड्यांत काडी वाळून जाते. दादाच्या काड्या वाळत नसत. बागायतदार त्याचा दिवस आधी धरून ठेवायचे.

मी साताऱ्याला एमआयडीसीत पोलादाला पाणी देण्याच्या शेडमध्ये कामाला आहे. भट्टीत लाल केलेलं पोलाद तेलात विझवायचं, मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, हे माझं काम. दादाचा जुना चाकू दगडावर घासून घासून काडीएवढा उरला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "मी पाती करून देतो. तीन पोलादांची. वापरून सांग कुठलं चांगलं ते."

"तुज्या शेडात ब्लेडबी करत्यात व्हय?"

"करत नाहीत. मी करीन."

तिन्ही पाती एकाच मापाची केली, मुठीही सारख्या. एक स्टेनलेसचं, एक बेअरिंगच्या पोलादाचं आणि एक साच्यांना वापरतात त्या डाय स्टीलचं. धार तिन्हींना एकाच अंगानं, कलमवाल्यांना लागते तशी. पंधरा दिवसांनी मी गावी गेलो तर दादा ओट्यावर तिन्ही चाकू मांडूनच बसला होता.

"ह्ये स्टेनलेस," तो म्हणाला, "गंजत न्हाई, पर दुपारच्या भाकरीपत्तूर बोथाटतंय. दगडावर चार हात मारलं की पुन्ना येतंय, म्हंजे स्वभावानं गरीब हाय. डाय स्टीलचं दिसभर हलत न्हाई, पर येकदा धार गेली की लावता लावता दगड झिजतोय."

"आणि बेअरिंगचं?"

"त्ये लय ग्वाड कापतंय. काडीला कळत बी न्हाई आपल्याला कापलंय म्हून. पर पुसायला इसारलं की चिकानं काळं पडतंय. ठिवून घेतो ह्येच."

शेडमध्ये इतकी वर्षं मी गिअर आणि पिना भाजल्या, पण माझ्या हातचं पोलाद कुणी असं चाखून सांगितलं नव्हतं. पुढची दोन वर्षं मी त्याच बेअरिंगच्या पोलादाची पाती त्याला देत राहिलो.

तिसऱ्या भाद्रपदात दादाचा फोन आला. "औंदाचं पातं वडतंय रं. कापत न्हाई. पाणी कमी पडलं असंल."

मी नवं केलं, थोडं जास्त कडक ठेवून. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग डाय स्टीलचं पाठवलं. तेही ओढतंय म्हणाला. मग दुसऱ्या जातीचं स्टेनलेस मुद्दाम मागवलं, धारेचा कोन बारीक केला, मूठ जाड केली. दरवेळी तो चाकू परत द्यायचा आणि मी शेडमध्ये नेऊन भिंगाखाली बघायचो. धार अखंड असायची. एकही दाता पडलेला नसायचा. त्या परत आलेल्या पात्यानं मी माझ्या मनगटावरचे केस काढून बघितले, वस्तऱ्यासारखे निघाले.

मला वाटलं, दादा हट्टी होत चाललाय. वय झालं की माणूस हत्याराला नावं ठेवतो. एकदा मी चिडून म्हणालोही, "दादा, पात्यात काय न्हाई. तूच नीट धरत नसशील."

दादा उठला. चाकू उचलून खिशात टाकला आणि गोठ्याकडं गेला.

त्या हंगामात त्यानं केलेली निम्मी कलमं वाळली. पलूसच्या एका बागायतदारानं वहिनीला फोन करून सांगितलं, दादाला नाही. दादाला सांगायची त्याला लाज वाटली.

दिवाळीला मी गावी गेलो. फराळ झाल्यावर वहिनीनं पेरू आणून दिले. दादानं खिशातून चाकू काढला. घडी उघडायला पात्याच्या पाठीवर नखापुरती खाच असते. त्याचा उजवा अंगठा त्या खाचेवरून दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्यानं चाकू दातात धरून उघडला, आणि हे रोजचंच असल्यासारखा पेरू कापायला लागला.

"कवापासनं असं करतोस?" मी विचारलं.

"व्हईल की वरीस." त्यानं पेरूची फोड माझ्यापुढं केली. "पात्याची स्प्रिंग कडक हाय."

मी त्याचा हात हातात घेतला. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेतला असेल. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसलेला होता, तिथं खळगा पडला होता. दुसऱ्या हाताशी लावून बघितलं तर फरक कुणालाही दिसला असता. भिंगही लागलं नसतं.

मिरजेला नेलं. दवाखान्यात त्याच्या स्नायूंत सुया घालून तपासलं. डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि वहिनीला व मला आत घेतलं. स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, असं त्या म्हणाल्या. आधी हात जाईल, मग दुसरा, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध आहे, पण ते थांबवत नाही, जरा लांबवतं.

"वर्षभर आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"तरी याच रस्त्यानं गेलं असतं," त्या म्हणाल्या.

वहिनीनं ते वाक्य पुढं पुष्कळ वेळा मला ऐकवलं, माझ्या समाधानासाठी. पण तो सगळा हंगाम मी त्याच्या पुढ्यात एकामागून एक निर्दोष पाती टाकत होतो, आणि प्रत्येक पात्यागणिक त्याला कळत होतं की दोष दुसरीकडंच आहे. त्या हंगामात तो एकटा होता. 

बाहेर बाकावर दादा बसला होता. मी काय सांगावं ते जुळवत होतो, तोच तो म्हणाला, "हाताचंच हाय न्हवं?"

"व्हय."

"मला वाटलंच हुतं. पर तू पाती करून देत हुतास, म्हून म्हटलं बघावं अजून यक."

त्याला दोन वर्षं होऊन गेली. पुढच्या हंगामात तो बागेत खुर्ची टाकून बसायचा आणि कलमं करणाऱ्या टोळीतल्या पोरांना तोंडानं सांगायचा. ती पोरं स्टेशनरीच्या दुकानातला कटर वापरतात. बोथट झाला की टोक मोडून टाकतात आणि पुढचं सरकवतात. दादा नुसता बघत राहायचा. त्यानंतरच्या हंगामात त्याचं बोलणंच कळेनासं झालं. आता ओट्यापर्यंतही उचलून आणावं लागतं.

मी दर रविवारी साताऱ्याहून कऱ्हाडवरून एसटीनं जातो. वहिनी पेज भरवते, मी मान धरतो. दोन चमचे नीट जातात, तिसऱ्याला ठसका लागतो आणि मग तिघंही थांबतो. सुरुवातीला मी शेडमधलं काहीबाही सांगायचो, नवं पोलाद आलंय, भट्टी बदलली. त्याचे डोळे माझ्याकडं असायचे. आता तो दाराकडं बघतो आणि मीही सांगायचं सोडलंय.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, खाणं जायला पोटातून नळी घालायची का. घातली तर काही महिने निघतील. आम्ही दादाला विचारलं. त्यानं मान हलवली. वहिनीला तो होकार वाटला, मला नकार. पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. येत्या सोमवारी मिरजेला कळवायचं आहे. आमचं अजून ठरलेलं नाही.